सौदा मोडणारी साधनं

नाशिकमध्ये जागेच्या धंद्यात असलेल्या माणसाला हल्ली जो भेटेल तो एकच सल्ला देतो: काळाबरोबर चला. रील काढा, ड्रोन उडवा, चौकशी आली की पाच मिनिटांत फोन लावा, जाहिरातीचा मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घ्या, पार्ट्यांची म्हणजे गिऱ्हाईकांची यादी डायरीत न ठेवता सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला एखाद्या बिल्डरने एजंटांची बैठक बोलावली की चहा-समोशानंतर हेच ऐकायला मिळतं. सल्ला वाईट नाही. यातलं बरंच मीही वापरतो आणि त्याने धंदा वाढतो हे खरंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एजंटाने तंत्रज्ञान शिकावं असं आपण म्हणतो तेव्हा सौदा जमवणारी साधनं तेवढी मोजतो. सौदा मोडू शकणारी साधनंही त्याच मोबाईलमध्ये आहेत. ती कुणी शिकवत नाही आणि शिकायची एजंटालाही घाई नसते.

सातबारा दाखवणारं महाभूलेख, फेरफाराच्या म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोटिसा दाखवणारी आपली चावडी, गटांचे नकाशे दाखवणारा महाभूनकाशा, नोंदवलेले दस्त शोधायचा नोंदणी विभागाचा ई-सर्च, बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावरचं प्रकल्पाचं पान, महापालिकेचा मंजूर विकास आराखडा. यातलं बरंचसं फुकट पाहता येतं, आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत हातात पडतो. उलट पोर्टलवर आपली जाहिरात वरच्या रांगेत दिसावी म्हणून एजंट हजारो रुपयांची पॅकेजं घेतो, रीलवाल्या पोराला महिन्याचे वेगळे देतो. स्वस्त साधन पडून राहतं आणि महाग साधनाला गिऱ्हाईक मिळतं, हे वरवर विचित्र वाटेल. एजंटाच्या खिशाच्या बाजूने पाहिलं तर त्यात विचित्र काही नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आधी शेतजमिनीचं बघू, कारण नाशिकमध्ये सगळ्यात जास्त धूळ सध्या तिथे उडते आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. मुंबई-ठाण्याचा माणूस शनिवारी सकाळी निघून इगतपुरी, त्र्यंबक, दिंडोरी, सिन्नर बघून रात्री घरी परततो. त्याच्या व्हॉट्सअॅपवर आधीच एक ड्रोनचा व्हिडिओ आलेला असतो, मागे बासरी, वर ‘समृद्धीपासून दहा मिनिटं’, आणि खाली लोकेशन. ‘दादा, पिन टाकलीय, बघून या.’

पिन टाकणाऱ्याचा फोन त्या वेळी कुठे होता, एवढंच ती पिन सांगते. सरकारदरबारी जमीन ओळखली जाते गट नंबरने. महाभूनकाशावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की त्या गटाचा आकार आणि शेजारचे गट दिसतात. ही मोजणी नव्हे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणीच करून घ्यावी लागते. पण व्हिडिओत दिसणारा डांबरी रस्ता या गटाला खरोखर लागतो की मध्ये तिसऱ्याचं शेत आहे, एवढं पाहायला नकाशा पुरतो. रस्ता नसलेल्या जमिनीला ‘रोड टच’ म्हणून खपवणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. ड्रोनने तो वाढवला, कारण वरून पाहिलं की सगळंच एकमेकांना चिकटलेलं दिसतं.

पुढचा प्रश्न सातबाऱ्याचा. तो उघडला की बहुतेक जण मालकाचं नाव आणि क्षेत्र पाहतात आणि स्क्रीनशॉट पार्टीला पाठवून मोकळे होतात. वाचण्यासारखं असतं ते आजूबाजूला. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ असेल तर अनेकदा विक्रीला सरकारची परवानगी लागते, त्यासाठी सरकारला नजराणा म्हणून रक्कम भरावी लागते. इतर हक्कांत कुळाचं नाव आहे का, बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का? द्राक्षाच्या पट्ट्यात बोजा असणं नवलाचं नाही आणि त्याने जमीन वाईट ठरत नाही. पण तो कुणी, केव्हा आणि कुठल्या पैशातून फेडायचा हे इसार पावतीच्या, म्हणजे आगाऊ रक्कम देण्याच्या, आधी ठरायला हवं. मग प्रलंबित फेरफाराची ओळ. तिथे ‘नाही’ नसेल तर आपली चावडीवर जाऊन त्या गावच्या नोटिसा वाचायच्या. फेरफारावर हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. म्हणजे ज्या भावाबहिणींमध्ये आतून काही शिजतं आहे, त्याचा वास पुष्कळदा या पानावर आधी येतो आणि गावात नंतर.

एवढं करूनही एक साधा प्रश्न राहतो आणि तो विचारायला कुठलंही अॅप लागत नाही: घेणारा शेतकरी आहे का? १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही. ठाण्याहून गाडी घेऊन आलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्या फोनवर विचारला तर त्याचं डिझेल आणि आपला दिवस दोन्ही वाचतात. पहिल्या फोनवर तो किती जण विचारतात? तुकडेबंदीचंही तसंच आहे. ठरावीक आकाराहून लहान तुकडे विकायला बंदी घालणारा १९४७ चा कायदा; २०२५ मध्ये सरकारने त्यात सवलती दिल्या. ती सवलत कुठल्या क्षेत्रातल्या तुकड्यांना आहे हे न वाचता ‘आता गुंठा मोकळा’ असं सांगत सुटणं सोपं असतं, कारण फॉरवर्ड करायला एक बोट लागतं आणि आदेश वाचायला अर्धा तास.

शहरात आलं की सातबाऱ्याच्या जागी अनेक ठिकाणी मिळकत पत्रिका येते, देवळाली कॅम्पच्या बाजूला लष्कराच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो, आणि नदीकाठी येते पूररेषा.

पूररेषेवर जरा थांबायला हवं. नाशिककर पुराचं माप गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतो: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा २०१६, २०१९ ला सराफ बाजार, भांडी बाजार ज्यांनी पाण्यात पाहिला, त्यांना पूररेषा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण आज फ्लॅट घेणारा कितीतरी वर्ग बाहेरून आलेला आहे. नोकरीसाठी सातपूर-अंबडला, शिक्षणासाठी, निवृत्तीनंतर हवा चांगली म्हणून. त्याला गोदावरी, नासर्डी, वालदेवी, वाघाडी या जाहिरातीतल्या ‘रिव्हर व्ह्यू’पलीकडे माहीत नसतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात जोतं उंच ठेवण्यासारख्या अटी. जुन्या इमारतीतला फ्लॅट रिसेलला निघतो तेव्हा हा प्रश्न नुसता पावसाळ्याचा राहत नाही. उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं तर बांधता येईल का, याचं उत्तर त्या रेषेवर अवलंबून असतं. पोर्टलवर पूर्वाभिमुख फ्लॅट वेगळे काढायची सोय असते, पार्किंगवाले वेगळे, लिफ्टवाले वेगळे. निळ्या रेषेच्या आतले वेगळे काढून दाखवणारं बटण मला अजून दिसलेलं नाही. ते बटण म्हणजे एजंट. त्याने विकास आराखडा उघडायचा, गरज पडली तर महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढायचा आणि पार्टीला सांगायचं. तो न सांगता गॅलरीतून दिसणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ पाठवत असेल तर त्याचा फोन कितीही नवा असो, तो काळाबरोबर चाललेला आहे असं मी म्हणणार नाही.

सिंहस्थाच्या आधी नकाशांचा एक वेगळाच सुकाळ असतो. कुणीतरी गुगलच्या नकाशावर लाल रेघ ओढतो, वर ‘रिंगरोड’ लिहितो, आणि आडगाव-म्हसरूळपासून मखमलाबादपर्यंत भाव बोलायला लागतात. मंजूर आराखड्यातला रस्ता, प्रस्तावित रस्ता आणि मोबाईलवर बोटाने ओढलेला रस्ता यांत फरक करणं हेसुद्धा तंत्रज्ञान वापरता येण्यात मोडतं.

नव्या प्रकल्पांच्या बाबतीत कायद्याने अर्धं काम करून ठेवलं आहे. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला. कोड असतोही. पण रीलमध्ये तो सेकंदभर कोपऱ्यात चमकून जातो, आणि ज्या फोनवर रील चालू आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा हे कुणी विचारत नाही. मी पार्टीला महारेराचा नंबर पाठवतो आणि त्या पानावर चार गोष्टी बघायला सांगतो: ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख, चालू असलेले दावे, जमिनीवरचा बोजा, आणि दर तिमाहीची माहिती बिल्डरने खरंच भरली आहे का. त्या पानावर बुक झालेल्या सदनिकांचा आकडाही असतो. ‘शेवटचे दोनच उरलेत’ म्हणणाऱ्या सेल्सच्या पोरासमोर ते पान उघडून बघावं, फार करमणूक होते. आणखी एक: नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. हे रेरा कायद्याचं कलम १३. एजंटाला ते पाठ हवं.

भाड्याच्या व्यवहारांबद्दल थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्सचा करार आता घरबसल्या अंगठा लावून नोंदवता येतो, आणि तो नोंदवणं घरमालकावर बंधनकारक आहे, हे बहुतेकांना ठाऊक झालं आहे. आधारच्या प्रती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या नसतात हे मात्र अजून ठाऊक झालेलं दिसत नाही. आणि नाशिकमध्ये एका फसवणुकीला विशेष वाव आहे: ‘मी आर्मीत आहे, देवळालीला बदली झालीय, फ्लॅट न बघताच डिपॉझिट पाठवतो.’ इथे लष्कराची माणसं खरोखर राहतात, म्हणून गोष्ट पटकन पटते. मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि पैसे ‘येण्यासाठी’ पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. फ्लॅटची जाहिरात टाकतानाच एजंटाने घरमालक काकूंना हे वाक्य आणि १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर सांगून ठेवावा. त्याला दोन मिनिटं पुरतात.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: हे वकिलाचं काम आहे. टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांचा शोध, वकिलानेच करायचा, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे वकील केव्हा येतो? इसार दिल्यानंतर. बैठकीत हात मिळवले जातात, टोकन दिलं जातं, घरी पेढे जातात, आणि मग कागद वकिलाकडे जातात. तोवर मन गुंतलेलं असतं, पैसेही. एजंटाचा शब्द त्याच्या आधी पडतो, म्हणून त्या शब्दामागे निदान पंधरा मिनिटांची तपासणी हवी. रेराचं कलम १० एजंटाला खोटी माहिती देऊ नको असं सांगून थांबत नाही. ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदांचा हक्क आहे ते बुकिंगच्या वेळी त्याच्या हाती पडतील असं बघ, असंही सांगतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: जुन्या लोकांचं काय? पंचवटीत, नाशिकरोडला, सिडकोत तीस-तीस वर्षं हा धंदा केलेली माणसं आहेत. त्यांना संगणकाचा कंटाळा आहे, पण कोणत्या वाड्यात किती वारस आणि कोणता दावा कुठे अडला आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. हे ज्ञान कुठल्याही संकेतस्थळावर नाही. सातबारा नोंद दाखवतो, ताबा दाखवत नाही. ई-सर्चमध्ये नोंदवलेले दस्त सापडतात. घरात बसून लिहिलेली इसार पावती सापडत नाही. शेतात प्रत्यक्ष कोण पेरतं हे तिथे जाऊन बांधावरच्या माणसाला विचारावं लागतं. म्हणून जुन्या एजंटांना मागासलेले ठरवणं मला मान्य नाही. त्यांच्यातल्या अनेकांना सौदा मोडायची कला अवगत आहे, फक्त साधन हातात नाही. साधन हातात असलेल्या पोरांना मात्र काय शोधायचं हे माहीत नसतं. एकाच ऑफिसात दोघं बसले तर काम होतं. वेगवेगळ्या ऑफिसांत बसून ते एकमेकांची पार्टी पळवतात.

एआयला विचारा, ते सगळं वाचून देईल, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: छापील सातबारा समजावून सांगायला ते बऱ्यापैकी मदत करतं. पण जुने फेरफार हाताने लिहिलेले, त्याहून जुने मोडीतले. आणि कागद न देता नुसता गट नंबर विचारला तर ते आत्मविश्वासाने काहीही सांगू शकतं. त्या उत्तराखाली कुणाची सही नसते.

तर मग एवढी स्वस्त साधनं पडून का राहतात? आळशीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. खरी गोष्ट अशी की एजंटाला पैसे सौदा झाला तरच मिळतात. दलाली खरेदीखताच्या दिवशी किंवा त्यानंतर. सोमवारी आपली चावडी उघडून एजंटाने हरकत शोधली, पार्टीला सांगितलं, पार्टीने हात आखडता घेतला, की एजंटाचा महिना गेला. त्या प्रामाणिकपणाची पावती म्हणून पार्टी ‘थँक्यू दादा’ म्हणते आणि पुढच्या जागेसाठी दुसऱ्याकडे जाते. अशा रचनेत रील शिकणारा शहाणा ठरतो आणि फेरफार वाचणारा वेडा. कार्यशाळा घेऊन हे बदलणार नाही.

महारेराने १ जानेवारी २०२४ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, हे चांगलंच झालं. पण ती सक्ती रेरा नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पांत विक्री करणाऱ्यांपुरती आहे. रिसेल फ्लॅट, जुना बंगला, भाड्याचं घर, शेतजमीन विकणाऱ्याला तिचा स्पर्श नाही, आणि नाशिकमध्ये ग्राहकाला सगळ्यात जास्त ठेच लागण्याची शक्यता तिथेच आहे. शिवाय कलमं पाठ करून परीक्षा देता येते. माझ्या मते परीक्षेत समोर संगणक ठेवावा, एक गट नंबर, एक महारेरा नंबर आणि एक जुन्या इमारतीचा पत्ता द्यावा, आणि विचारावं: ग्राहकाला काय सांगाल? नोंदणी ५ वर्षांनी नव्याने करताना हीच कसोटी पुन्हा घ्यावी, कारण संकेतस्थळं तोवर बदललेली असतात.

आणि तपासणीचे पैसे वेगळे घ्यावेत. जागा आवडली की इसाराच्या आधी एजंटाने एक पानी लेखी अहवाल द्यावा: काय पाहिलं, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला, काय खटकलं, काय पाहता आलं नाही. त्याची ठरलेली फी. सौदा झाला तर ती दलालीत वळती, मोडला तर एजंटाचीच. काही एजंट मित्र म्हणतात, नाशिकचा माणूस पोहे-मिसळीला खर्च करील पण कागद बघायला पैसे देणार नाही. मला तसं वाटत नाही. वाहन घेताना तो ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो आणि त्याच्या हातावर काही ठेवतो. घराच्या बाबतीत त्याने पैसे दिले नाहीत, कारण आम्ही मागितले नाहीत, आणि मागितले नाहीत कारण पैसे घेतले की लिहून द्यावं लागतं.

या योजनेत एक अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नव्या प्रकल्पांत आमची दलाली बिल्डर देतो. चॅनल पार्टनर म्हणून ज्याच्याकडून टक्केवारी घ्यायची, त्याच्याच प्रकल्पाच्या पानावरचे दावे ग्राहकाला वाचून दाखवायचे आणि वर ग्राहकाकडून तपासणीची फी घ्यायची, हे एका माणसाला जमणार नाही. अशा वेळी दोन भूमिका वेगळ्याच हव्यात. निदान बुकिंगच्या अर्जावर एक रकाना हवा: या एजंटाला पैसे कोण देतं आणि किती. महारेराला तो रकाना सक्तीचा करायला नवा कायदा लागणार नाही असं मला वाटतं. त्याला सगळ्यात आधी विरोध आमच्याच बैठकीतून होईल, समोसे संपायच्या आत.